सांडलेलं बोलणं

सुनेची एक खोड बाईंना मुळीच सहन होत नसे, आणि ती खोड अशी की चारचौघांत तिचं गाऱ्हाणंही करता येऊ नये. सांगितलेलं ती ऐकायची. बस, ऐकायची. 'हो' नाही, 'बरं' नाही, 'बघते' नाही, निदान नाक तरी मुरडावं, तर तेही नाही. मान हलली म्हणावी तर पंख्याच्या वाऱ्यानं केस हलले असतील. पालथ्या घड्यावर पाणी ओतलं तरी ते ओघळून कुठं गेलं ते दिसतं. हिच्यावर ओतलेलं पाणी दिसेनासंच व्हायचं. चार वर्षं बाई बोलत होत्या आणि चार वर्षं ते बोलणं त्या पोरीच्या रुंद, शांत कपाळाआड जाऊन नाहीसं होत होतं. भांडण झालं असतं तर बाईंना चाललं असतं. भांडणात त्यांचा हात धरणारं अजून कुणी जन्मलं नव्हतं. पण हवेशी कुस्ती कशी खेळायची? मुलगा बोटीवर, महिन्यातून दोनदा त्याचा फोन. त्याला सांगावं तर तो म्हणणार, "आई, ती ऐकते गं तुझं सगळं." ऐकते म्हणे. भिंतही ऐकते. तिला कान आहेत अशी म्हणच आहे.

आणि हे कुणाच्या वाट्याला, तर जिचं अवघं आयुष्य हुंकारावर चाललं तिच्या. बाईंचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, पूर्वेला खिडक्या, आणि त्यांच्याकडे पाठ करून मांडलेली सहा विणयंत्रं. हातानं ओढायची. सुयांची एक लांब रांग, तिच्यावरून डावीकडून उजवीकडे सरकवायचा दांडा, आणि एका सरकण्याला एक ओळ. खर्रर्र, की एक ओळ झाली. सुया निवडून पुढे ओढायच्या, टाके या सुईवरून त्या सुईवर उचलून ठेवायचे, हे सगळं बोटांनी. त्यामुळे यंत्रावरच्या बाईची नजर सुयांवरून हलवून चालत नाही, एक टाका सुटला की पंचवीस ओळी उसवतात. म्हणून सांगणारी वेगळी. अठ्ठावीस वर्षं सांगणाऱ्या बाईच होत्या. खोलीच्या टोकाला उभ्या राहून त्या ओळ सांगायच्या, "डावे चार मागं, मधले सगळे पुढं, शेवटच्या दोनाचा एक," आणि सहाही यंत्रांवरून हुंकार यायचा. हं, हं, हं. सहा आल्याशिवाय पुढची ओळ नाही. पाचच आले तर कुणाचा राहिला ते बाईंना न बघता कळायचं. "तिसरी, झोपलीस की मेलीस?" असं विचारलं की तिसरीचा हं यायचा आणि गाडी पुढं जायची. इयत्ता तिसरीच्या पुढं शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईंच्या डोक्यात शंभरावर नमुने होते, आणि एकही कुठं लिहिलेला नव्हता. कशाला लिहायचा? तोंड होतं की.

ते तोंडच आता जाणार होतं. डॉक्टरांनी नळीच्या टोकाला लावलेल्या दिव्यानं घशात बघितलं होतं आणि समोरच्या कागदावर दोन पडद्यांचं चित्र काढून एका पडद्यावर पेनानं ठिपका दिला होता. एवढं काढून टाकायचं, म्हणाले. आवाज राहील, पण बारीक राहील. शेजारच्या माणसाशी बोलण्यापुरता. लांब हाक नाही मारता येणार. "माझं सगळं लांबच असतं," बाई म्हणाल्या होत्या, तेव्हा डॉक्टर हसले होते. त्यांना वाटलं, म्हातारी विनोद करते. तारीख चार महिन्यांनंतरची होती. त्या चार महिन्यांत सुनेनं बाईंच्या ऐवजी कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओळी दाखवणारा प्रोग्रॅम केला. लग्नाआधी ती कुठल्याशा कंपनीत हेच काम करायची, एवढंच बाईंना माहीत. तिनं विचारलं नाही, सांगितलं नाही, एका दुपारी कॉम्प्युटर घेऊन बाईंच्या आरामखुर्चीशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, नमुने सांगा. मी लिहून घेते." तिचं चार वर्षांतलं सगळ्यात मोठं वाक्य असावं.

आता ऑपरेशनला नऊ दिवस होते, प्रोग्रॅम कारखान्यात लागून पंधरा दिवस झाले होते, आणि लांबडी स्वेटरमध्ये अडकली.

लांबडी म्हणजे पहिल्या यंत्रावरची. उंच, म्हणून लांबडी. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी वाचताना तिलाच नवं वाटायचं. शिवून तयार झालेला पहिला नग तिनं अंगावर चढवून बघायचा, असा रिवाज. त्या दिवशी तिनं हात घातले, डोकं घातलं, आणि डोकं बाहेर येईना. दोन्ही हात वर, तोंडाच्या जागी राखाडी लोकर, आणि त्या लोकरीच्या आत ती काहीतरी बोलत होती. बाकीच्या हसत सुटल्या. एक म्हणाली, "बरं झालं, आज तरी शांतता." बाई हसल्या नाहीत. त्या बघत राहिल्या. लोकर तोंडाशी आत ओढली जात होती, बाहेर फुगत होती, म्हणजे बोलणं चालू होतं. पण शब्द लोकरीत शिरत होते आणि लोकर ते पिऊन टाकत होती. पूर्वेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात लोकरीचे तंतू तरंगत होते, इतके सावकाश की ते पडताहेत की चढताहेत ते कळू नये. बाईंना एकाएकी वाटलं की आपण हे आधी बघितलंय. ही बाई नव्हे, हा स्वेटर नव्हे, पण हे. कुणीतरी बोलतंय, पलीकडे दिसतंय, आणि येत नाहीये. मग कुणीतरी लांबडीच्या कमरेला धरून स्वेटर खाली ओढला आणि ती लालबुंद होऊन बाहेर आली.

"काय म्हणत होतीस?" बाईंनी विचारलं.

"काय म्हणणार? काढा म्हणत होते. ह्या हसतायत नुसत्या."

गळा तंग झाला होता. एकच नाही, चाळीसच्या चाळीस पुढचे भाग तसेच. गळ्याआधीच्या दहा ओळी सैल विणायच्या असतात, दांड्यावरचं बटण एक घर मागं घ्यायचं असतं, हे बाई न चुकता सांगायच्या, त्या नमुन्याच्या जन्मापासून.

"दहा ओळी सैल का नाही सोडल्या?"

"पडद्यावर नव्हतं," लांबडी म्हणाली.

"पडद्यावर नव्हतं. तुझ्या डोक्यात होतं ना? अकरा वर्षं विणतेयस."

"डोक्यात होतं, बाई. पण तुम्हीच म्हणालात, आजपासून आपलं डोकं चालवायचं नाही, पडदा सांगेल ते करायचं."

म्हटलं होतं खरं. आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंनी मागच्या खोलीकडे बघून सुनेला हाक मारली, आणि हाक मारतानाच घशात काहीतरी खरवडलं गेलं. सून आली. तिनं स्वेटर बघितला नाही, पडदा बघितला. आकडे येत होते: ओळ, टाके, कुठले पुढं, कुठले मागं. आकडे बरोबर होते. ती खुर्चीवर बसली, काहीतरी उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. तिच्या रुंद कपाळावर बाईंनी पहिल्यांदा काहीतरी उमटलेलं बघितलं.

"आई," ती म्हणाली, "तुमचं बोलणं यात आहे. सैल सोडायचं, बटण मागं घ्यायचं, सगळं आहे. तो ते बोलतोय."

"कोण तो?"

"प्रोग्रॅमच्या पोटात एक दुभाषी बसवलाय मी. तुम्ही सांगितलेला नमुना म्हणजे एक चिठ्ठी. ती चिठ्ठी तो वाचतो. आकडे तो माझ्या हातात देतो, ते मी पडद्यावर लावते, म्हणून आकडे येतात. पण तुम्ही मधेमधे जे सांगता, इथं जपून, इथं सैल, ते तो नुसतं बोलतो. तोंडानं. घरच्या कॉम्प्युटरवर पडद्यात एक काळी चौकट उघडते, मी हे त्या काळ्या खिडकीतून चालवायची, तिथं त्याचं बोलणं त्या खिडकीत पडायचं, म्हणून मला दिसायचं. इथल्या प्रोग्रॅमला ती काळी खिडकीच नाही."

"मग तो बोलला की ते जातं कुठं?"

"कुठंच नाही."

"कुठंच नाही म्हणजे? बोललेलं काहीतरी होतच असेल ना त्याचं."

"नाही, आई. तो बोलतो, त्याला वाटतं बोलून झालं, आणि पुढच्या ओळीवर जातो. ते कुठंच पोचत नाही."

बायका यंत्रं थांबवून ऐकत होत्या. बाईंनी त्यांना डोळ्यांनीच कामाला लावलं. चिडायला हवं होतं. चाळीस गळे, नऊ दिवस, आणि ही शहाणी घरी तपासून खूश होऊन बसलेली. चिडायची सगळी तयारी होती, शब्दही जिभेवर येऊन उभे राहिले होते. पण 'कुठंच नाही' हे दोन शब्द असे काही गार होते की त्यांच्या शेजारी बाकीचे शब्द उभे राहीनात. पंधरा दिवस त्या पेटीच्या आत त्यांचं बोलणं चाललं होतं. जपून गं. सैल. बटण मागं. ओळीमागून ओळ, न थकता, आणि बाहेर सहा बायका आकडे बघून दांडे ओढत होत्या. आत बोलणारी आणि बाहेर न ऐकणाऱ्या, मधे पाव इंचाची काच. "उद्या सुट्टी आहे," त्या एवढंच म्हणाल्या. "उद्या ये माझ्याबरोबर, आणि हे निस्तर."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात दोघीच. यंत्रांवर चादरी घातलेल्या, त्यामुळे खोली आजारी माणसांच्या वॉर्डासारखी दिसत होती. सहा आडवे देह, पूर्वेचं ऊन त्यांच्या पायथ्याशी. सून कॉम्प्युटरपुढे बसली आणि बाई तिच्या मागच्या स्टुलावर. करण्यासारखं बाईंना काही नव्हतं. पोरीची बोटं चालत होती, तो टकटक आवाज बाईंना चांगला ओळखीचा होता. तीन महिने दुपार दुपार तो त्यांनी ऐकला होता, डोळे मिटून. आरामखुर्चीत पडून, हात हवेत धरून, त्या नसलेल्या सुया पुढं ओढायच्या, नसलेला दांडा सरकवायच्या, आणि ओळ सांगायच्या. कारण हात चालल्याशिवाय तोंडाला ओळ आठवत नसे. खिडकीच्या पडद्यातून गाळलेलं ऊन पापण्यांवर तांबूस पडायचं. त्या तांबड्या अंधारात ओळी वर यायच्या, पाण्याखालून बुडबुडे यावेत तशा, आणि एखाद्या बुडबुड्याबरोबर तळाचं भलतंच काही वर यायचं. सांगता सांगता बाई वाहवत जायच्या. नमुना बाजूला राहायचा. कुठल्या सालच्या लोकरीला कसला वास यायचा, कुठल्या बाईनं कसं फसवलं, सुनेच्या हातचा चहा कसा होतो. टकटक चालूच असायची. बाईंना वाटायचं, हिचं काहीतरी दुसरंच चाललंय, मी वाहवले की ही आपलं काम करत बसते, आणि मी परत ओळीवर आले की ऐकते. बरंय. तेवढं तरी कळतं पोरीला.

"तुला हे आधी नाही का सुचलं?" त्यांनी पाठीमागून विचारलं. आवाज सकाळचाच, फाटका. "त्याचं बोलणं कुठं पडणार ते?"

"सुचायला हवं होतं," सून म्हणाली. चूक कबूल करतानाही ती अशी, जशी कुणी चादरीची घडी घालावी. "घरी दिसत होतं, म्हणून इथंही दिसेल असं धरून चालले. आता त्याच्या बोलण्याच्या वाटेवरच एक भांडं ठेवते. तो बोलेल ते जमिनीवर न सांडता भांड्यात पडेल, आणि भांड्यातलं मी पडद्यावर ओतेन. फक्त भांडं आधी ठेवावं लागतं. त्यानं तोंड उघडायच्या आधी. एकदा बोलून झालं की मग ठेवून उपयोग नाही."

मग ठेवून उपयोग नाही. बाई त्या शब्दांवर बसून राहिल्या. लहानपणी तिसरीच्या वर्गात बाई खिडकीशी मागच्या बाकावर बसायच्या. बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं, डांबराचा वास आणि रोलरचा घरघराट. मास्तरांनी त्या लहानगीला उठवून काहीतरी विचारलं, आणि तिला ते येत होतं. काय विचारलं होतं ते आज आठवत नाही, पण येत होतं, ती नीट, स्पष्ट बोलली होती, आणि बोलून झाल्यावर छातीत एक गोड हलकेपणा भरला होता. मास्तर म्हणाले, उत्तर दे. ती पुन्हा बोलली. रोलर चालला होता. मास्तर म्हणाले, तोंडात मूग धरलेस का, आणि हातावर पट्टी बसली. उजव्या. ती दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्या दिवशी गेली नाही, घरात कुणी विचारलं नाही, काम होतंच. पट्टी तिला फार लागली नव्हती. पण ते उत्तर कुठं गेलं याचा विचार ती खूप दिवस करत होती, आणि पुढं जिथं उभी राहिली तिथं इतक्या मोठ्यानं बोलली की रोलरच्या बापालाही ऐकू जावं. लोक म्हणायचे, तोंडाळ. म्हणोत. सहा हुंकार मोजून घेतल्याशिवाय त्यांनी जन्मात पुढची ओळ सांगितली नाही. लोकांना ती कारखान्याची शिस्त वाटायची.

"झालं," सून म्हणाली. पडद्याच्या खालच्या अंगाला एक पांढरी चौकट आली होती. तिनं नमुना चालवला. वर आकडे सरकू लागले, एक, दोन, दहा, वीस. खालची चौकट पांढरीच. बाई पुढे झुकल्या. तीस, चाळीस. काही नाही. साठावी ओळ संपली, नमुना संपला, आणि मग एकदम ती चौकट काळ्या अक्षरांनी भरून गेली. वरपासून खालपर्यंत, दाटीवाटीनं, श्वास न घेता.

"हे काय? गळा होऊन गेल्यावर सैल सोड म्हणून काय करायचं? उसवायचं?"

"तो तोंडात धरून ठेवतो," सून म्हणाली. "एकेक शब्द बाहेर टाकत बसणं त्याला महाग पडतं, म्हणून साठवतो. तोंड भरलं, नाहीतर काम संपलं, की एकदम सोडतो. त्याला प्रत्येक ओळीला सांगावं लागतं, धरून ठेवू नकोस, आत्ता टाक."

"कुणासारखा आहे तो, माहितेय?" बाई म्हणाल्या.

सुनेनं मागं वळून बघितलं. तिच्या तोंडाच्या एका कोपऱ्याला काहीतरी झालं. दुसऱ्या कुणाच्या तोंडावर असतं तर बाईंनी त्याला हसू म्हटलं असतं.

मग तिनं पुन्हा नमुना चालवला, सावकाश, खऱ्या विणण्याच्या वेगानं. आता ओळीबरोबर खाली अक्षरं येऊ लागली. बाईंना वाचायला वेळ लागे. त्या बोट ठेवून वाचत, ओठ हलवत, जोडाक्षरापाशी थांबून. पहिल्या ओळीला आलं: ताण बघून घ्या. दुसरीला काही नाही. पाचवीला आलं: लोकर ओली असेल तर आजचा दिवस सोडा. बाईंना बरं वाटलं. आपलंच बोलणं, पण अंगावरचे कपडे बदलून आलेलं; जरा परकं, जरा रुबाबदार. अकराव्या ओळीला आलं: मागच्या खेपेला इथं लांबडीनं घाण केली होती. बाईंना हसू आलं. चौदाव्या ओळीला आलं: हिच्या चहाला ना रंग ना रूप. त्यांनी ते दोनदा वाचलं. बोट काचेवरच राहिलं. सोळाव्या ओळीला आलं: बसलीय बघा दगडासारखी, ऐकतेय का झोपलीय देव जाणे. बाविसाव्या ओळीला आलं: माझ्या पोरानं काय बघितलं हिच्यात कुणास ठाऊक, त्याला लहानपणापासून मुक्या जनावरांची फार माया.

आकडे चालले होते, खर्रर्र नव्हतं, खोली शांत होती. बाईंच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. हे त्या बोलल्या होत्या. त्या तांबड्या अंधारात, हात हवेत धरून, जवळ कुणी आहे हे विसरून. किंवा विसरूनही नाही, ऐकणारं कुणी आहे असं कधी वाटलंच नव्हतं म्हणून. आणि टकटक चालूच होती. त्या ओळीवर होत्या तेव्हाची, आणि वाहवल्या तेव्हाचीही. पोरीनं एक शब्द गाळला नव्हता. स्वतःच्या बोटांनी स्वतःला दगड म्हणून लिहिलं होतं, काना-मात्रेसकट, आणि संध्याकाळी उठून तोच बिनरंगाचा चहा करून आणून दिला होता.

"हे कशाला लिहिलंस?" बाईंनी विचारलं. आवाज त्यांना हवा होता तितका कडक निघाला नाही.

"तुम्ही म्हणालात, सांगते ते सगळं घे. मी घेतलं." आणि मग: "कुठलं कामाचं आणि कुठलं नाही, मला तेव्हा कळत नव्हतं. लोकर ओली असली तर दिवस सोडा, हे मला आधी उगाचचं वाटलं होतं."

सत्तावीस, अठ्ठावीस. गळा जवळ येत होता. सदतिसाव्या ओळीला, जिथं यायला हवं होतं तिथं, आलं: आता बटण एक घर मागं, दहा ओळी सैल. सुनेनं श्वास सोडला तो बाईंना ऐकू आला. काम झालं होतं. चाळीस गळे उसवून परत विणता आले असते, आठ दिवस पुरले असते. बाई उठणार होत्या. पण आकडे चालू होते आणि त्यांचं बोट काचेवर होतं, म्हणून त्या वाचत राहिल्या, आणि सत्तेचाळिसाव्या ओळीला, सैल दहा ओळी संपल्यावर लगेच, आलं:

इथं हे दारात येऊन काहीतरी म्हणाले. मी म्हटलं थांबा, ओळ संपू दे.

बाईंनी ते एकदाच वाचलं. जोडाक्षरापाशी थांबावं लागलं नाही.

हा नमुना त्यांचा पहिला. तेव्हा यंत्र एकच होतं, घरातच, आणि विणणाऱ्याही त्याच, सांगणाऱ्याही त्याच. नवरा कामावरून लवकर आला होता. दारात उभा होता, एक हात चौकटीवर, चेहऱ्यावर मागच्या उजेडामुळे नुसतीच सावली. तो मुळात कमी बोलायचा. त्यानं काहीतरी म्हटलं. चार शब्द असतील, पाच असतील. बाईंच्या सुया पुढं ओढलेल्या, तोंडात आकडा धरलेला. आकडा सांडू नये म्हणून त्यांनी दातांआडूनच म्हटलं, थांबा, ओळ संपू दे. खर्रर्र. ओळ संपली. त्यांनी मान वर केली तेव्हा दार मोकळं होतं आणि तो आत जाऊन कॉटवर आडवा झाला होता, भिंतीकडे तोंड करून. थकला असेल, म्हणून त्यांनी अजून सहा ओळी घातल्या. सहा. मग चहाला उठवायला गेल्या, तो उठला नाही. इतकी वर्षं झाली, ते चार-पाच शब्द त्यांनी सगळीकडे शोधले. छातीत दुखतंय म्हणाला असेल. पाणी दे म्हणाला असेल. कधी कधी, हवा चांगली असली म्हणजे, त्यांना वाटे, त्यानं आपल्याला नावानं हाक मारली असेल. तो कधी मारत नसे. स्वप्नात तो दारात यायचा, ओठ हलायचे, आणि खर्रर्र व्हायचं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलाला नाही, बहिणीला नाही. सांगितलं नव्हतं असं त्यांना कालपर्यंत वाटत होतं. हात हवेत होते, दांडा सत्तेचाळिसावर आला, आणि ते तोंडातून निघून गेलं. आणि शेजारी ती मुकी पोर भांडं धरून बसली होती.

आकडे साठावर जाऊन थांबले. सुनेनं बघितलं होतं, बाई कुठं थांबल्या ते. मग, कुणी जिना उतरताना एकेक पायरी चाचपावी तशी, ती म्हणाली, "आई, ती ओळ मी काढायला हवी होती. तुम्ही ती बोललात तेव्हा मला लिहावं की नाही कळेना. लिहिली. मग तुम्हाला विचारावं असं तीन महिने मनात होतं. कसं विचारायचं ते जमेना. काढू आता? ती आणि माझ्यावरच्या सगळ्या. उद्या बायका वाचतील."

ऊन यंत्रांच्या पायथ्याशी होतं ते आता चादरींवर चढलं होतं. बाईंनी पोरीकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदाच असं सरळ बघितलं असेल. कपाळ रुंद होतं खरं, पण त्याच्याखाली डोळे होते, आणि ते भ्यालेले होते; बाईंना नव्हे, आपल्याच तोंडातून चुकीचा शब्द निघेल याला. तीन महिने धरून ठेवलेलं. सोडायला जागा नव्हती म्हणून धरून ठेवलेलं. या घरात बोलायला दुसऱ्या कुणाला जागा राहिली होती कुठं? सगळीकडे एकच आवाज भरून होता, आणि तो स्वतःचे हुंकार मोजत होता.

नऊ दिवसांतला एक गेला होता. बाईंनी घसा साफ केला, घसा साफ झाला नाही, तरी त्या बोलल्या.

"हे बघ. तू माणूस म्हणून अवघड आहेस, आणि ते मी काही मागं घेणार नाही. ऐकतेस सगळं, पण ऐकलं म्हणून समोरच्याला कळू देत नाहीस. हा दोषच आहे. माझा दोष ऐकून न घेण्याचा. तो तुझ्यापेक्षा मोठा, पण म्हणून तुझा लहान होत नाही. चहा तुझा वाईट, तो सुधार. आवाज बारीक आहे, आणि शेवटचा शब्द तू गिळतेस. तरी माझ्यामागं ओळी तूच सांगायच्या, दुसरी कुणी नाही. पडदा बघायला त्या बायकांना तिसरा डोळा नाही. तू तिथं उभं राहायचं आणि खाली येईल ते मोठ्यानं वाचायचं. सगळं वाचायचं, तुझ्यावरचंसुद्धा. हसू देत त्यांना, तूही हस. एक शब्द काढायचा नाहीस. फक्त सत्तेचाळिसावी आली की ती वाचू नकोस. तिथं थांब. दाराकडे बघ, कुणाला काही बोलायचंय का विचार. असेल तर त्याचं होऊ दे. ओळ काय, पळून जात नाही."